म्हशीच्या किमतीचा जनरेटर

उन्हाळ्यात आमच्या गावची लाइट भर दुपारी जाते ती दिवेलागणीलाच परत येते. यंदा फ्रीजमधलं इन्सुलिन कोमट झालं, तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "जनरेटर आणा, नाहीतर मी चालले भावाकडे. त्याच्याकडे आहे."

मी, भाऊसाहेब जगदाळे, गावचा मोठा माणूस. मेहुण्याकडे आहे आणि माझ्याकडे नाही, हे मला सोसेना. तडक तालुक्याला गेलो. दुकानदारानं विचारलं, "घरात काय काय आहे?" मी छाती फुगवून सांगितलं. तीन एसी, दोन गिझर, पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन, घरगुती पिठाची गिरणी.

"मग लग्नाच्या मांडवाला लावतात तसला लागेल," तो म्हणाला आणि किंमत सांगितली. मी प्यायला पाणी मागितलं. ते पिऊन घरी आलो.

ओट्यावर बसून मी सगळ्यांदेखत जाहीर केलं, "एका म्हशीच्या किमतीत जनरेटर आणून दाखवा. आणि लाइट जाताना घरात जे जे चालू असेल ते सगळं चालू राहिलं पाहिजे. एकही दिवा विझता कामा नये."

हे होण्यासारखं नव्हतं, हे मलाही ठाऊक होतं. खर्च टळावा आणि मोठेपणही राहावं, एवढाच माझा बेत. अपेक्षेप्रमाणे एकेक जण काम आठवून उठून गेला. उरली फक्त हौसा, आमच्या माळ्याची लेक. ती अंगणातल्या चिंचेखाली मशीन मांडून ब्लाउज शिवते. दुकानासाठी रस्त्याकडची आमची बंद खोली ती कधीची मागत होती, आणि मी 'बघू' म्हणत होतो.

"मी आणते," ती म्हणाली. "पण खोलीचं काय?"

"जमलं तर खोली तुझी, भाडंही नको. नाही जमलं तर चिंचेखालचं मशीनही उचलायचं."

तिचा चेहरा क्षणभर उतरला. मग म्हणाली, "लाइट जाताना जे चालू असेल तेवढंच ना?"

"तेवढंच. मी शब्द फिरवत नाही." हे मी मिशीला पीळ देऊन म्हटलं.

रविवारी सकाळीच ती टेम्पोतून जनरेटर घेऊन आली. किंमत म्हशीएवढीच, पण आकार प्रवासी बॅगेएवढा. मला हसू आवरेना. धूर घरात नको म्हणून तिनं तो परसात, खिडक्यांपासून लांब ठेवला. वायरमननं व्हरांड्यात खटका बसवून दिला. वर केला की लाइट, खाली ओढला की जनरेटर.

"भाऊसाहेब, हवं ते चालू करा," जनरेटर सुरू करून हौसा म्हणाली. "खटका मी ओढते. पण कधी, ते सांगणार नाही. खरी लाइट काय सांगून जाते?"

मला ते पटलं. मी घरभर पळत एकूण एक बटण दाबलं. गिरणीत दाणा नाही, मशीनमध्ये कपडा नाही, तरी दोन्ही घरघरू लागली. मग येऊन व्हरांड्यात बसलो. नेमका मीटरसमोर.

हौसा पायरीवर बसून काज करू लागली. एक झालं, दुसरं घेतलं. मीटरचा लाल दिवा लुकलुकत होता. माझा जीव खालीवर होऊ लागला. भर उन्हाळ्यात गिझर कशाला? उठून बंद केले. पाहुण्यांच्या खोलीतला एसी कुणाला गार करतोय? तोही केला, दिवाणखान्यातलाही. रिकामी गिरणी, रिकामं मशीन, भरून वाहणाऱ्या टाकीची मोटर... शेवटी माझ्या खोलीतला एसीसुद्धा. मी तर बाहेर बसलोय.

आता कुठे जिवाला बरं वाटलं. मी पाय पसरले, आणि हौसानं खटका ओढला.

डोक्यावरचा पंखा किंचित अडखळला नि पुन्हा फिरू लागला. फ्रीज चालू. आतला पंखा, टीव्ही, स्वयंपाकघरातला दिवा, सगळं चालू.

"एकही दिवा विझला नाही," हौसा म्हणाली.

"अगं, पण एसी? गिझर?"

"ते लाइट जाताना चालू होते का?"

"नव्हते."

"कुणी बंद केले?"

मी माझ्या हाताकडे पाहिलं.

"भाऊसाहेब, दुकानदारानं वस्तू मोजल्या, मालक मोजायचा राहिला. तुम्ही घरात असताना मांडवाचा जनरेटर लागतोय कशाला?"

स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींचं हसू फुटलं. मी रागवायचा प्रयत्न करून पाहिला, पण मलाच इतकं हसू आलं की ठसका लागला. डोळे पुसत मी जुडग्यातून किल्ली काढली आणि हौसाच्या हातावर ठेवली.

"आणखी काही हवं असेल तर माग. आज मी खुशीत आहे."

हौसानं किल्ली पदराला बांधली. "एकच मागणं आहे. दुकानात अधूनमधून डोकावायला येऊ नका. मला शिवताना दिवा लागतो."