दारावरची ठकू आणि दगडावरचा मुंगळा

फार फार पूर्वी, मुंग्या एकमेकींना नावानं हाक मारत त्या काळी, कडुनिंबाखालच्या वारुळाच्या दारावर ठकू मुंगी बसायची. आलेला दाणा कुणाचा, तिची खोली कुठली, सारं तिला तोंडपाठ. दुसऱ्या वारुळाचा माल मात्र दगडावरच्या मुंगळ्याकडे जायचा. तो वाट दाखवायचा.

"एकीचंही नाव ठाऊक नाही त्याला!" ठकू फणकारली. "आजपासून सगळं मीच पोचवणार."

तेवढ्यात चिंचेखालच्या सोनकीसाठी गुळाचा खडा आला. अनोळखी नाव आलं की खोल्याखोल्यांतून हाळी द्यायची, ही दारावरची रीत. ठकूनं हाळी दिली. "कोण सोनकी?" म्हणत सारं वारूळ बोळात उतरलं. दाणे अडकले, आत पिल्लं भुकेनं रडू लागली.

ठकू मुंगळ्याकडे गेली, पण मान ताठ ठेवूनच.

"सोनकी कोण, देव जाणे," तो म्हणाला. "चिंच ओढ्यापलीकडे. त्या काडीवरून पाठव, पुढचं तिथली दारवाली बघेल."

खडा गेला, बोळ मोकळा झाला. संध्याकाळी चिंचेकडची एक मुंगी दाणा घेऊन दारात आली.

"धुरपीसाठी आहे. मुंगळेदादा म्हणाले, धुरपी कोण ते ठाऊक नाही. पण दारावर ठकूबाई आहेत, त्या चुकायच्या नाहीत."

ठकूच्या मिशा ताठ झाल्या.

"डावीकडची शेवटची खोली," ती म्हणाली. "आणि जाताना दादांना माझा नमस्कार सांग."