सावधान उभं राहिलेलं मत

आमच्या खांबेवाडीत घरटी एक माणूस फौजेत. त्यामुळे निवृत्त कर्नल भगवंतराव निकम सरपंचपदाला उभे राहिले, तेव्हा निकाल लागल्यातच जमा होता. पण गिरणीवाल्या लीलाकाकूंनीही अर्ज भरला. गावात भांडण नको म्हणून ठरलं, की चावडीपुढे हात वर करून कौल घ्यायचा आणि हरेल त्यानं अर्ज मागे घ्यायचा.

कर्नलसाहेब आले आणि आल्या आल्या गरजले, "सावधान!"

बसलेले सगळे माजी सैनिक ताडकन उठून ताठ उभे राहिले.

"बघा काकू, याला म्हणतात शिस्त. मी सांगेपर्यंत यांचं बोटसुद्धा हलणार नाही. गाव असं चालवायचं असतं."

"खरंय," काकू म्हणाल्या. "मग घेऊया कौल. ज्यांना साहेब हवेत, त्यांनी हात वर करा."

एकही हात हलला नाही. बायका पदराआड हसू लागल्या.

साहेब घाईनं म्हणाले, "अरे, करा की हात वर."

"थांबा साहेब," काकू म्हणाल्या. "तुमच्या हुकमानं वर आलेले हात तुमचेच. मग ते सगळे मिळून मत एकच धरायचं."

साहेब स्वतःच हसले. "विश्राम. आता ज्याला जे वाटेल ते करा."

काकूंसाठी भराभर हात वर गेले. सगळ्यात आधी गेला तो साहेबांचा जुना ड्रायव्हर रंगनाथ याचा.

"रंगनाथ, तू पण?"

"काय करू साहेब, इतक्या वर्षांत तुमचा हा पहिलाच हुकूम मनापासून आवडला."