मागे द्यायचा चेंडू

"पण रेघ पुढं आहे, तर चेंडू मागंच का द्यायचा, वस्ताद?"

विचारणारी सुलक्षणा, शंभर मीटरला जिल्ह्यात पहिली आलेली. रग्बीच्या मैदानावर तिचा चौथा दिवस होता. वस्ताद इंगवले फौजेत वीस वर्षं हा खेळ खेळून आले होते आणि आता कोल्हापुरात तालमीमागच्या मैदानावर पोरींना शिकवत होते.

"नियम हाय," वस्ताद म्हणाले.

"हातानं पुढं फेकला तर?"

"शिट्टी."

"मागं तर सगळ्या माझ्यापेक्षा हळू! मी कुणाला देणारच नाही. चालत नसेल तर सांगा, उद्यापासून परत ट्रॅकवर."

वस्ताद खुशीत आले. "घेऊन पळायला मनाई न्हाई. पळ की!"

ती सुटली. सगळ्यांना चुकवून पलीकडची रेघ ओलांडली आणि चेंडू डोक्यावर नाचवू लागली.

शिट्टी वाजेना...

मागून समोरच्या संघातली थोराड कुसुम आली. तिनं सुलक्षणाला कमरेला धरून चेंडूसकट उचललं आणि मैदानाबाहेर नेऊन ठेवलं.

पोरी खो खो हसल्या.

"मी रेघ ओलांडली होती!"

"चेंडू भुईला टेकवला व्हतास?"

"...नाही."

"आभाळाला गुण न्हाईत, पोरी."

दुसऱ्यांदा ती अधिकच त्वेषानं पळाली. या वेळी कुसुम तयार होती. रेघेच्या दोन हात अलीकडे तिनं सुलक्षणाला आडवी केली. सुलक्षणानं चेंडू पोटाशी घट्ट धरला.

"पाडलं की सोडायचा!" वस्ताद ओरडले. "सोड!"

सोडायचा? इतक्या जवळ येऊन?

तिनं डोळे मिटले... आणि हात उघडले.

धप्प धप्प पावलं वाजली. संघातली सगळ्यात हळू पळणारी शमा धापा टाकत आली, चेंडू उचलला आणि रेघेपलीकडं त्याच्यासकट लोळली.

शिट्टी!

"ट्राय! पाच गुण!"

पोरींनी शमावर उड्या टाकल्या. शमानं हात लांबवून सुलक्षणालाही त्या ढिगात ओढलं. तोंडात माती, केसांत माती. पदक घेताना ती कधी एवढी हसली नव्हती.

धाप जरा बसल्यावर ती वस्तादांपाशी आली.

"वस्ताद, पळताना माझ्या आसपास कुणीच नव्हतं. मग शमा आली कुठनं?"

वस्तादांनी तिच्या कपाळावरची माती अंगठ्यानं पुसली.

"आली न्हाई, पोरी. व्हतीच."