‘दलाली’ खोडा

वासंती मगदूम टी-शर्टांवर आणि कपांवर आपली चित्रं छापून विकायची. छपाई, पॅकिंग, कुरिअर, सगळं बाहेरून. ती उद्योजक संघाची सभासद व्हायला गेली, तर पाण्याचे पंप बनवणाऱ्या अध्यक्ष हुपरीकरांनी तिच्या अर्जात ‘व्यवसाय’पुढे स्वतःच्या हातानं ‘दलाली’ लिहिलं.

“घरात एक मशीन नाही, आणि म्हणे उद्योजक.”

“साहेब, तुमच्या पंपाचं कास्टिंग कोण करतं?”

“फाउंड्रीवाले.”

“मोटर?”

“कोइमतूरहून येते.”

“गिऱ्हाइकाकडे पोचवतं कोण?”

“ट्रान्सपोर्टवाले.”

“मग तुमचं त्यात काय?”

हुपरीकर तडकले. “डिझाइन माझं, नाव माझं. माल खराब निघाला तर शिव्या खातो मी.”

वासंतीनं अर्ज परत त्यांच्यापुढे सरकवला.

“‘दलाली’ खोडा आणि आत्ता बोललात तेच लिहा. माझ्या धंद्यातही शिव्या मीच खाते.”