सपाट वाटेखालची नावे

एका राज्यात चढ नव्हता आणि उतारही नव्हता. पश्चिमेला शेते संपली की दलदल सुरू होई, आणि त्या दलदलीतून तीन कोसांची एक वाट पलीकडच्या देवराईपर्यंत जाई. अशी वाट दुसऱ्या कुठल्या मुलखात नव्हती. तळहातासारखी सपाट, पायाखाली मऊ हरळी, ना खडा ना काटा. दोन्ही अंगांना पाणकणसे उभी आणि त्यांच्या आड काळे, न हलणारे पाणी. म्हाताऱ्याने चालावे, लेकुरवाळीने चालावे आणि कुणालाच दम लागू नये, इतकी ती सोपी. तरीही तिच्यावर कुणी पाऊल ठेवीत नसे. जो गेला तो परतला नव्हता.

आणि दलदल वाढत होती. दर पावसाळ्यात ती पुढे सरके, आणि उन्हाळ्यात मागे हटत नसे. आधी शेते गेली, मग कुंभारांची आळी गेली. त्या वर्षी पाणी राजवाड्यात शिरले. राजा उग्रधन्वा सिंहासनावर पाय वर घेऊन बसू लागला.

दरबारात कालकंठ नावाचा एक मांत्रिक होता. तो म्हणाला, "वाटेच्या मध्यावर सोन्याचे फावडे रोवलेले आहे. ते परत आणाल, तर पाणी ओसरेल."

थोरला राजपुत्र वीरबाहू घोड्यावरून गेला. परतला नाही. धाकटा जयंतक गेला. तोही परतला नाही. मग राजकन्या कुमुदा पुढे झाली. तिचा डावा पाय जन्मापासून आखूड होता.

"तात, मी जाते."

"तू? तुला वाड्याच्या पायऱ्या चढवत नाहीत."

"त्या वाटेला पायऱ्या नाहीत."

राजाने मान फिरवली. त्याला दुःख झाले असेल, असे कुमुदेला वाटले.

पहाटे ती निघाली. बरोबर पाण्याचा भोपळा, फडक्यात दोन भाकरी, हातात काठी. आभाळ राखेच्या रंगाचे होते. वाटेच्या तोंडाशी चिखलात बगळ्यासारखी एक म्हातारी ढोकरी एका पायावर उभी होती. ती बोलू लागली, "राजकन्ये, तूही फावड्यासाठी आलीस?"

"हो."

"तुझे भाऊ वाटेत कुठे थांबले नाहीत. तू थांबशील?"

"मला थांबत थांबतच चालावे लागते."

"मग ऐक. वाट तुझ्याकडे तीनदा मागेल. मागेल ते दे. फावड्याला मात्र हात लावू नकोस." एवढे बोलून ढोकरीने मान पंखांत घातली.

कुमुदा चालू लागली. चालणे इतके सोपे होते, की जन्मात पहिल्यांदाच तिला आपल्या पायाचा विसर पडला. तिला हसू आले. मग हळूहळू ती आणखी काही विसरू लागली: घर कोणत्या दिशेला, आपण कशासाठी निघालो. वाट नुसती पुढे नेत होती. तेवढ्यात पायाखालून एक घोगरा आवाज आला.

"पाणी."

ती दचकून थांबली. आवाज हरळीखालून येत होता. "सगळीकडे पाणीच आहे, बाबा."

"हे पाणी आमच्या नाकातोंडात गेले आहे. ते प्यायचे नाही."

कुमुदेने भोपळा उपडा केला. माती गटागट पाणी प्याली, आणि खाली कुणीतरी समाधानाचा सुस्कारा सोडला. ती पुढे निघाली, पण आता ती पाऊल जपून टाकीत होती. आपण कशावर चालतो आहोत, हे तिला कळू लागले होते.

अर्ध्या कोसावर एका बाईचा आवाज आला. "बाई ग, भाकरी आहे का? आमची दुपारची राहिली. बांधावर ठेवली होती, तशीच राहिली."

कुमुदेने दोन्ही भाकरी कुस्करून गवतावर ठेवल्या. गवताने त्या आत घेतल्या.

"तू काय खाशील?" बाईने विचारले.

"मी घरी जाऊन खाईन."

यावर खालून बराच वेळ कुणीतरी रडताना ऐकू आले.

वाटेच्या मध्यावर सोन्याचे फावडे उभे होते. त्याच्या दोन बाजूंना पाण्यावर दोन पागोटी तरंगत होती, एक लाल, एक हिरवे. भावांची पागोटी ओळखून कुमुदा तिथेच बसली. तिने दोघांच्या नावाने हाक मारली. तेव्हा तिसरा आवाज आला. तो म्हाताऱ्याचा होता.

"मुली, आमची नावे घेऊन जा."

"तुम्ही कोण?"

"आम्ही ही वाट बांधणारे. त्रेसष्ट माणसे, बाया धरून. भर दुपारी बांध फुटला आणि आम्ही छातीपर्यंत चिखलात रुतलो. जिवंत होतो. दोर टाका म्हणून ओरडत होतो. संध्याकाळी वाटेचा मुहूर्त होता. राजाने विचारले, यांना काढत बसलो तर मुहूर्त टळेल का? कालकंठ म्हणाला, टळेल. राजा म्हणाला, मग माती टाका. मुहूर्ताचे हे फावडे त्याने आमच्या डोक्यांवर रोवले; त्याला हात लावणारा आमच्यात येतो."

"कोणता राजा?" कुमुदेने विचारले. उत्तर तिला ठाऊक होते.

"तुझा बाप. दलदलीच्या काठी कर्दमनाथ नावाचा साधू तप करीत होता, त्याने ते पाहिले. तो म्हणाला, ज्यांच्या पाठीवर ही वाट टेकली आहे, त्यांची नावे राजाच्या तोंडून निघेपर्यंत हे पाणी चढत राहील."

म्हाताऱ्याने नावे सांगितली. राघू, सावळ्या, मैनाक्का, लखू, तुकी, भिवा... कुमुदेने प्रत्येक नाव तीनदा म्हटले आणि ती माघारी फिरली. चांगल्या पायाच्या प्रत्येक पावलाला एक नाव. पण वाट सोपी होती, पाय आपोआप पडत होते आणि मन घसरत होते. कोसभर आल्यावर तिने मोजली, तर बासष्टच भरली. पुन्हा मोजली. बासष्ट.

ती मागे वळली. आखूड पाय ओढीत, उपाशीपोटी, तो सारा कोस पुन्हा चालून गेली.

"विसरलीस?" म्हाताऱ्याने विचारले.

"हो. पुन्हा सांगा."

"रागावणार नाहीस ना? ते माझेच होते. धर्मू."

दिवस कलताना ती दरबारात आली. पाणी घोट्यांवर पोचले होते. राजाने तिचे रिकामे हात पाहिले.

"फावडे कुठे आहे?"

"ते तिथेच आहे, तात. मी दुसरे काही आणले आहे. मी म्हणते ते माझ्यामागून म्हणा. राघू."

राजाचा चेहरा उतरला. कालकंठ मागच्या दाराने बाहेर पडला आणि पुन्हा कुणाला दिसला नाही.

"कोण राघू?" राजा म्हणाला.

"तुम्हाला ठाऊक आहे."

"मी तेव्हा तरुण होतो, कुमुदे. सारा मुलूख पाहुणा म्हणून आला होता."

"वीरबाहू आणि जयंतकही तिथेच आहेत. राघू, तात."

राजा सिंहासनावरून खाली उतरला. पाण्यात उभा राहून म्हणाला, "राघू." पाणी एक बोट उतरले. साऱ्या दरबाराने ते पाहिले.

एकोणिसाव्या नावाला तो थांबला. "पुरे कर. मला पुढे म्हणवत नाही."

"त्यांना दम लागला होता तेव्हा कुणी पुरे म्हटले नाही," कुमुदा म्हणाली. "विसावे. कृष्णी."

दिवेलागणीला त्रेसष्टावे नाव झाले. फरशी कोरडी पडली. पश्चिमेकडून मोठा उसासा ऐकू आला, आणि ती सपाट वाट ठिकठिकाणी खचली.

दुसऱ्या दिवशी उग्रधन्व्याने मुकुट उतरवला, सोन्याचे फावडे उचलले आणि तो स्वतः खणू लागला. या खेपेस ते फावडे कुणाला बुडवीत नव्हते. माणसे सापडली, ती जशी गेली तशीच, हात वर केलेली. दोन्ही राजपुत्रही सापडले. गावोगावची माणसे आली, पांढऱ्या केसांच्या बायका आल्या, आणि ज्याचे माणूस त्याने ओळखून नेले. शेते वर आली. कुंभारांनी चाके फिरवली. कुमुदा गादीवर बसली आणि तिने न्यायाने राज्य केले.

पण त्याआधी एक गोष्ट घडली. त्या त्रेसष्टांतल्या एका तरुण बाईला न्यायला कुणीच आले नाही. आठ दिवस वाट पाहिली. मग कुमुदेने काठी बाजूला ठेवली, आपल्या हातांनी तिचा चिखल धुतला, तिला अग्नी दिला, आणि रक्ताच्या माणसाचे पाळावे तसे तिचे तेरा दिवस सुतक पाळले. त्या राज्यात पाणी पुन्हा चढले नाही. त्या बाईला जसा विसावा मिळाला, तसा सगळ्यांना मिळो.