लाडले नालबंदाचा कान

फार वर्षं झाली. माण नदीच्या काठी वाकसर गावात लाडलेसाहेब नावाचा नालबंद राहत होता. घोड्यांना नाल ठोकणं हा त्याचा धंदा, आणि घोड्यांची शर्यत हे त्याचं वेड. चालायला लागला तेव्हापासून चैत्रातल्या जत्रेची एकही शर्यत त्याने चुकवली नव्हती. असं म्हणतात, स्वतःच्या लग्नाची तारीखसुद्धा त्याने जत्रा टाळून धरायला लावली.

स्वतःचं घोडं त्याच्याकडे कधीच नव्हतं. कान मात्र असा, की पंचक्रोशीत तसा दुसरा झाला नाही. नदीपलीकडून घोडं येत असलं की तो हातोडा थांबवायचा आणि म्हणायचा, "घोडी आहे. मागच्या डाव्या पायाचा नाल सैल झालाय." घोडी दारात यायची आणि नाल खरंच सैल निघायचा. असं म्हणतात, टापांवरून तो घोड्याचा रंगही सांगायचा.

शर्यतीआधी लोक आपापलं घोडं नदीकाठच्या काळ्या फरशीवरून चालवायचे. लाडले डोळे मिटून ऐकायचा. "पळव" म्हणाला की पळवायचं. "परत ने" म्हणाला की मुकाट घरी न्यायचं.

पण वाकसरचं घोडं कधी पहिलं आलं नव्हतं. दरसाल पलीकडचं गाव गुलाल उधळायचं आणि लाडले खाली मान घालून घरी यायचा. पन्नाशी उलटली तरी त्याच्या मनात ती एकच गोष्ट राहिली होती.

मग त्याच्या जिवलग दोस्ताकडे, रंगनाथ खोमण्याकडे, पाखरी नावाची घोडी जन्मली. आई बाळंतपणातच गेली, म्हणून दोघांनी शिंगरू शेळीच्या दुधावर वाढवलं. चार वर्षांची झाली तेव्हा तिच्या जोडीला पळेल असं घोडं उरलं नाही. असं म्हणतात, वाळूवर तिचे ठसे उमटत नसत.

जत्रेच्या दिवशी रंगनाथने तिला फरशीवरून चालवलं. तीन खूर खणखणीत वाजले. चौथ्याचा, पुढच्या उजव्याचा, आवाज बारीक आला, तडा गेलेल्या मडक्यासारखा.

"काय म्हणतो रे कान?" रंगनाथने विचारलं.

लाडलेने डोळे उघडले. समोर वाळू पसरली होती, ढोल वाजत होते. पाखरी जागच्या जागी थयथयत होती.

"पळव," तो म्हणाला.

पाखरी पहिली आली. दहा घोडी मागे टाकून आली, आणि रेषा ओलांडली तोच तिचा पाय मोडला. ती पडली ती उठलीच नाही. लोक गुलाल हातात धरून उभे राहिले. रंगनाथ वाळूत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला.

"नाल नवा, वाळू सपाट. मग झालं कसं रे, लाडले?"

लाडले गप्प राहिला असता तर कुणालाच कळलं नसतं.

"मला ऐकू आलं होतं," तो म्हणाला. "फरशीवर. खुराला तडा होता."

"आणि तू पळव म्हणालास?"

"मला ती पहिली आलेली बघायची होती."

रंगनाथ उठला, धोतराला हात पुसले आणि निघून गेला. त्यानंतर बारा वर्षं तो लाडलेशी बोलला नाही.

असं म्हणतात, त्या दिवसापासून लाडलेला टापांशिवाय काही ऐकू आलं नाही. ढोल नाही, अजान नाही, बायकोची हाकही नाही. तरी दर चैत्रात तो फरशीपाशी उभा राहायचा, आणि त्या बारा वर्षांत एकही दुखरं घोडं पळालं नाही.

तेराव्या वर्षी रंगनाथ नवं घोडं घेऊन आला. लाडलेने ऐकलं, त्याच्याकडे न बघता म्हणाला, "परत ने." रंगनाथने परत नेलं. घरी खूर तासून पाहिला, तर आत केसाएवढी भेग.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो लाडलेच्या दारात गेला.

"लाडले, झालं गेलं. पाखरी दोघांची होती."

लाडले पाठमोरा बसून कानशीने नाल घासत होता. रंगनाथ पुन्हा म्हणाला, मोठ्याने म्हणाला. शेवटी त्याने लाडलेचा खांदा धरला. लाडले वळला. रंगनाथचे ओठ हलताना बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "घोडं बरं आहे ना?"

रंगनाथने नुसती मान हलवली. त्याच पावसाळ्यात लाडले गेला.

पुढच्या चैत्रात फरशीपाशी कुणीच नव्हतं. तेव्हा रंगनाथच गुडघ्यांवर बसला, आपलं घोडं दुसऱ्याच्या हाती देऊन फरशीला कान लावला.

वाकसरला अजून शर्यतीआधी ढोल थांबवतात. प्रत्येक जण आपलं घोडं फरशीवरून चालवून स्वतः ऐकतो. लाडलेची कबर तिथून जवळच, बाभळीखाली आहे. सगळा गाव तिकडे तोंड करून एका दमात ओरडतो, "लाडले, झालं गेलं!" पोरं, म्हातारी, पलीकडच्या गावचे पाहुणेसुद्धा ओरडतात, घसे बसेपर्यंत. हाक पोचते की नाही, कुणाला ठाऊक. थोडा वेळ सगळे थांबतात. मग घोडे सोडतात.