तोंडात धरलेले पाणी

वाचा गेलेल्यांना पुन्हा बोलते करणारे एक वृद्ध गुरुजी होते. त्यांची एक शिष्या मनाने मायाळू, पण फार भित्री. पक्षाघाताने वाणी हरपलेल्या एका कापडव्यापाऱ्याला ती रोज शिकवीत असे. तिने कप दाखवला की व्यापारी ओठ हलवी, घशातून घरघर काढी. शब्द येईपर्यंतची शांतता तिला सोसत नसे. घाईघाईने तीच म्हणून टाकी, "कप! हो ना काका?" व्यापारी निमूट मान डोलवी.

असे कित्येक आठवडे गेले. व्यापाऱ्याच्या तोंडून स्वतःचा एकही शब्द उमटला नाही. शेवटी शिष्या गुरुजींना म्हणाली, "मला हे काम सोडायचंय. इथे यायची रोज भीती वाटते. माझ्यामुळे काका जन्मभर मुकेच राहिले तर?"

गुरुजींनी तिच्यापुढे पेला धरला. "तोंडभर पाणी घे. आजचा पाठ संपेपर्यंत गिळायचं नाही, थुंकायचं नाही. मग खुशाल जा."

तोंडात पाणी धरून तिने कप दाखवला. व्यापारी तिच्या शब्दाची वाट पाहू लागला. शब्द आला नाही. शांतता वाढत गेली. तिचे गाल थरथरू लागले, श्वास अडकला, डोळे भरून आले.

तिच्या फुगलेल्या गालांत पाणी आहे हे व्यापाऱ्याने ओळखले आणि तो घाबरला. आजारपणापासून त्याला पाण्याची धास्ती होती. घोट घेतला की ठसका लागून जीव गुदमरे. तो कप विसरला. हात पुढे करून ओरडला, "थु... थु... थुंक!"

ती थुंकली आणि रडू लागली.

गुरुजी म्हणाले, "मूग गिळून बस म्हटलं असतं, तर तू ऐकलं नसतंस. बाळ, ती शांतता त्यांची होती. त्यांना शब्द तिथेच शोधायचा होता आणि तू घाबरून रोज ती भरून टाकत होतीस. नुसतं देत राहिलं की देणारा रिता होतो. आज त्यांनी तुला काही दिलं. आता सांग, सोडायचंय?"

"भीती अजून आहे, गुरुजी."

"असू दे. तिला घेऊनच गप्प बसायला शीक."

दुसऱ्या दिवशी भीती घेऊनच ती आली. कप दाखवला आणि थांबली. व्यापाऱ्याने आधी तिचे गाल निरखून पाहिले. पाणी नाही अशी खात्री झाल्यावरच त्याने सावकाश ओठ उघडले.